स्कूटरच्या डाव्या बाजूचा आवाज: बेल्टकडचा की गिअरबॉक्सचा?

जुनी गिअरलेस स्कूटर, म्हणजे दहा-बारा पावसाळे खाल्लेली ॲक्टिव्हा, डिओ, ॲक्सेस असलं काहीतरी, मागून डावीकडून आवाज करायला लागली की गोव्यात कोणालाही विचारा, उत्तर एकच, "बेल्ट गेला रे". मग बेल्ट बदलतो, सोबत रोलरपण बदलतात, बिल होतं, आणि पणजीतून सुटून डिचोलीच्या रस्त्याला लागलं की परत तोच घूंऽऽ आवाज. कारण त्या लांबट डाव्या केसिंगमध्ये दोन वेगळे संसार आहेत आणि बाहेरून कान लावला तर दोन्हीचा आवाज जवळपास एकाच जागेवरून येतो.

पुढच्या टोकाला, इंजिनच्या क्रँकवर, व्हेरिएटर, म्हणजे स्पीडप्रमाणे बेल्टचा गिअर आपोआप बदलणारी पुढची पुली. त्यात रोलर, म्हणजे छोटी गोल वजनं. त्याच्यावरून बेल्ट मागच्या पुलीला जातो आणि त्या पुलीवरच क्लच शू बसलेत. इथपर्यंतचं सगळं इंजिन चालू आहे तोवर फिरत राहतं, गाडी सिग्नलला उभी असली तरी. शूच्या बाहेर वाटीसारखा क्लच बेल असतो, ॲक्सिलरेटर दिला की शू बाहेर फाकून त्याला पकडतात, आणि तिथून पुढे हिशोब बदलतो. बेल, त्याच्यामागचा छोटा गिअरबॉक्स, मागच्या चाकाची बेअरिंग, ब्रेक ड्रम, हे सगळं चाक फिरेल तेव्हाच फिरतं, इंजिन काय करतंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून आवाज कसा आहे, खडखड की घरघर, यावर फार वेळ घालवू नका. तो कुणाच्या मागे जातोय ते बघा, इंजिनच्या की चाकाच्या. गिअरवाल्या बाईकवर हे ओळखायला त्रास होतो कारण एका गिअरमध्ये इंजिन आणि चाक एकत्रच वाढतात. गिअरलेस गाडीत मात्र मधल्या टप्प्यात, समजा तीसवरून पन्नासला जाताना, इंजिनचा सूर फारसा हलत नाही, स्पीड वाढत जातो. त्या वेळी तुमचा आवाज स्पीडबरोबर वर वर चढत गेला तर गिअरबॉक्स, चाक किंवा फार तर मागची पुली, इंजिनच्या सुराला चिकटून तसाच राहिला तर बेल्टची बाजू. आल्तिनोच्या चढावर उलटं ऐका, स्पीड पडतो पण इंजिन ओरडतच असतं, आवाजपण स्पीडसोबत खाली आला की गिअरबॉक्सवर संशय घ्यायला हरकत नाही.

घरी करायच्या दोन टेस्ट. गाडी डबल स्टँडवर, इंजिन आयडलला, मागचा ब्रेक धरून चाक थांबवा. तरीही आवाज येतोय? मग तो बेल्टकडचाच किंवा इंजिनचा, गिअरबॉक्स तर त्या क्षणी फिरतच नाहीये. आता इंजिन बंद करा आणि मागचं चाक हातानं फिरवा, दुसरा हात केसिंगच्या मागच्या टोकावर ठेवा. आता बेल्ट गप्प बसलाय, फिरतंय ते फक्त बेल, गिअर, बेअरिंग आणि ब्रेक. किरकिर, खरखर हाताला जाणवली तर बेल्टला उगाच बदनाम करू नका. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवूनपण बघा, खेळ असेल तर बेअरिंग किंवा त्या बाजूचे बुश.

बेल्टकडच्या आवाजांचे प्रकार जास्त, आणि बहुतेक स्वस्त. आयडलला खडखड आणि थोडा ॲक्सिलरेटर दिला की गायब, तर रोलर नाहीतर व्हेरिएटरच्या सरकपट्ट्या झिजल्यात, स्पीड वाढला की रोलर बाहेर दाबले जातात म्हणून गप्प होतात. रोलर काढून बघितले की एका बाजूला चपटे झालेले दिसतील. आयडलला बारीक चिर्र चिर्र असेल तर किकच्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) किंवा मागच्या पुलीच्या आतल्या बेअरिंगला ग्रीस उरलेलं नसतं, हा आवाज फार लोकांना बेल्टचा वाटतो. सुटताना गाडी थरथरते, गुर्र करते आणि पंधरा-वीसच्या पुढे सगळं ठीक, हा क्लच. शूची लाइनिंग काचेसारखी गुळगुळीत झालेली असते, पॉलिश पेपर मारून शू आणि बेलचा आतला भाग खरबरीत केला तर कधीकधी भागतं, लाइनिंगच संपलेली असेल तर शू बदला. बेल्ट स्वतः ओला झाला किंवा त्याला ऑइल लागलं की घसरतो आणि किंचाळतो. भेगा बघा, कडेचे धागे सुटलेत का बघा, रुंदी व्हर्निअरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजा, तुमच्या मॉडेलची कमीत कमी रुंदी मॅन्युअलमध्ये असते. आणि एक कळकळीची विनंती, आवाज करतो म्हणून बेल्टवर डब्ल्यूडी-४० सारखा तेलकट स्प्रे मारणारे आहेत, तसलं काही करू नका, बेल्ट आणि पुली कोरडेच पाहिजेत.

गिअरबॉक्सचा आवाज एकसुरी असतो, घूंऽऽ. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सूर बदलला तर गिअरच्या दातांवर संशय, आणि सोडला काय दिला काय काहीच फरक नाही तर बेअरिंग, असा ढोबळ अंदाज. पहिलं काम म्हणजे गिअर ऑइल काढून बघायचं. ते जेमतेम शंभर-सव्वाशे मिली असतं, इंजिन ऑइलपेक्षा वेगळं, आणि कित्येक गाड्यांत ते नवी घेतल्यापासून कुणी बघितलेलंच नसतं. दुधासारखं पांढरट निघालं तर पाणी गेलंय. चमचमणारी भुकटी थोडी असेल तर चालतं, बोटाला लागणारे तुकडे निघाले तर उघडावाच लागतो. नवीन ऑइल भरताना गाडी डबल स्टँडवर सरळ, चेक बोल्टच्या (पातळी बघायच्या बोल्टच्या) भोकापर्यंत, जास्त नको.

आपल्याकडे पाणी जातं कसं ते पण बघा. जून-जुलैत सखल रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून गाडी नेली, गरम गिअरबॉक्स एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढून घेते. पावसाळ्यात असं झालं आणि चवथीच्या आसपास घूं सुरू झाला, तर बेल्टचा बॉक्स उघडायच्या आधी ऑइलचा बोल्ट उघडा. बेल्टच्या बाजूला पाणी गेलं तर ते केसिंगच्या खालच्या ड्रेनमधून सोडता येतं आणि बेल्ट वाळला की किंचाळणं थांबतं, म्हणजे आवाज मोठा पण नुकसान कमी. डिचोली, सांगे बाजूच्या तांबड्या धुळीचं उलट, ती बेल्टच्या हवेच्या फिल्टरमधून आत जाऊन पुली घासते, गिअरबॉक्सला तिचा त्रास नाही. धूळ हवेनं उडवताना तोंडाला मास्क लावा, त्यात लाइनिंगची भुकटीपण असते.

काय घरी करायचं, काय नाही? रोलर, शू, बेल्ट ही कामं पुली धरायचं टूल आणि बरे पाने असले तर होतात. गिअरबॉक्सची बेअरिंग मात्र पुलर आणि प्रेसशिवाय ठोकाठोकीनं काढायला जाऊ नका, केसिंगची बसकण खराब झाली तर नवीन बेअरिंगपण घुमणार. गॅरेजला दिली तर बेअरिंगवर कोरलेला नंबर बघून तोच घ्या, आणि बेअरिंगसोबत ऑइल सील बदलायला सांगा, कारण जुन्या सीलमधून ऑइल बेल्टकडे किंवा ब्रेक शूवर आलं की आता दोन्हीकडचे आवाज एकत्र येतील आणि तेव्हा वरच्या टेस्ट पण गोंधळात पाडतील.