नवशिक्यांसाठी गेम इंजिन

पडद्यावर चित्र उमटवणे, कोणती कळ दाबली हे ओळखणे, आवाज वाजवणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या का ते तपासणे ही कामे प्रत्येक व्हिडिओ गेममध्ये असतात. ती दर वेळी मुळापासून लिहावी लागू नयेत म्हणून जे तयार सॉफ्टवेअर वापरले जाते त्याला गेम इंजिन म्हणतात. काही इंजिने मोठ्या स्टुडिओंसाठी घडलेली आहेत, काही मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी. ‘सोपे’ हे विशेषण मात्र सगळीच लावून घेतात, त्यामुळे निवड करताना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कोड लिहावा लागत नाही म्हणजे इंजिन सोपे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कोड टाइप न करताही ‘हे झाले तर ते कर’ असा विचार करावाच लागतो, आणि अडचण असते ती त्या विचारात. खरी कसोटी दोन गोष्टींची. पहिली, उघडल्यापासून पडद्यावर काहीतरी आपल्या सांगण्यावरून हलेपर्यंत किती वेळ जातो. आणि दुसरी, काही बिघडले तर कुठे बिघडले ते दिसते का. पहिल्या कसोटीला बरीच इंजिने उतरतात. दुसरीला कमी.

प्रोग्रॅमर नसलेल्यांच्या हाती गेम करण्याचे साधन देण्याची कल्पना जुनी आहे. बिल बज यांच्या ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’मध्ये (१९८३) पिनबॉलचे सुटे भाग ओढून फळीवर मांडता येत. अ‍ॅपलचे हायपरकार्ड (१९८७) एकमेकांना जोडलेली कार्डे बनवण्यासाठी होते, गेमसाठी नव्हतेच, तरी ‘मिस्ट’ (१९९३) हा गेम त्यावर उभा राहिला. नेदरलँड्समधील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये ‘अ‍ॅनिमो’ नावाने प्रसिद्ध केलेला प्रोग्रॅम पुढे गेममेकर झाला. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने केलेले स्क्रॅच २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

स्क्रॅचमध्ये आज्ञा म्हणजे रंगीत ठोकळे. ते एकमेकांत अडकवायचे. जो जिथे बसत नाही तो तिथे अडकतच नाही, त्यामुळे स्वल्पविराम राहिला म्हणून प्रोग्रॅम अडला असे होत नाही. रंगमंच ४८० बाय ३६० एककांचा आणि मधोमध शून्य. पात्राला उडी मारायला लावायची तर ‘वेग’ नावाचे एक चल, म्हणजे बदलता आकडा साठवणारी जागा, घ्यायचे, कळ दाबली की त्यात १२ भरायचे, आणि आज्ञांच्या दर फेरीला पात्र वेगाइतके वर सरकवून वेगातून १ वजा करायचा. १२, ११, १० असे करत पात्र ७८ एकके वर जाते, क्षणभर थांबते आणि त्याच हिशेबाने खाली येते. सगळ्या मिळून २५ फेऱ्या होतात. स्क्रॅच सेकंदाला ३० फेऱ्या करते, म्हणजे उडी पाऊण सेकंदाहून किंचित मोठी. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते: कळ दाबून धरली की पात्र वरवर जात छपराला टेकते, कारण ‘पाय जमिनीवर असतील तरच’ ही अट घालायची राहिलेली असते. वेगाचा आकडा रंगमंचावरच दिसत असतो. तो घटतच नाही हे डोळ्यांना दिसले की दुरुस्ती आपोआप सुचते. गुरुत्वाकर्षण शिकवण्याची याहून चांगली पद्धत पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडेल.

कोणते इंजिन घ्यावे हे मुख्यतः गेम कोणत्या जातीचा आहे यावर ठरते. वाचत जायचे आणि निर्णय घ्यायचे अशी शाखा फुटत जाणारी कथा असेल तर ट्वाइन पुरते. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये काढलेल्या या साधनात प्रत्येक प्रसंग म्हणजे पडद्यावरची एक चौकट, आणि चौकटी बाणांनी जोडलेल्या. तयार झालेला गेम कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. पात्रांची चित्रे आणि संवाद असलेल्या कथेसाठी रेन्पाय आहे. वरून दिसणारा नकाशा, गावकरी आणि आळीपाळीच्या लढाया हव्या असतील तर आरपीजी मेकर. पण त्यात धावण्या-उड्यांचा गेम करू पाहणारा माणूस साधनाशीच भांडत बसतो. अशा द्विमितीय गेमसाठी कन्स्ट्रक्ट आणि जीडेव्हलप चांगले. दोन्हींत अटी आणि कृती तक्त्यासारख्या मांडतात. कन्स्ट्रक्ट ब्राउझरमध्ये चालते पण पूर्ण वापरासाठी वर्गणी मागते, तर जीडेव्हलपचा गाभा मुक्तस्रोत आहे. गेममेकरमध्ये ठोकळ्यांवरून त्याच्याच भाषेतल्या कोडकडे सरकता येते. ‘अंडरटेल’ (२०१५) हा गेम त्यातच झाला. २०२३ च्या अखेरीपासून गेममेकर विक्रीखेरीज इतर कामासाठी फुकट आहे.

लहान मर्यादा हीसुद्धा सोय असते. पिको-८ हे काल्पनिक कन्सोल, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, १२८ बाय १२८ ठिपक्यांचा पडदा आणि १६ रंग देते, त्यापलीकडे काही नाही. चित्र चांगले येत नाही म्हणून महिनाभर अडून बसायला वावच उरत नाही. ‘सेलेस्ट’चा पहिला, छोटा अवतार पिको-८ वर चार दिवसांत झाला होता, मोठा गेम २०१८ मध्ये आला.

युनिटी आणि अनरियल ही नावे नवशिक्याने आधीच ऐकलेली असतात. दोन्ही समर्थ आहेत आणि शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात. अनरियलमधल्या ब्लूप्रिंट पद्धतीत तर कोडऐवजी तारांनी जोडलेल्या चौकटी असतात. तरी पहिल्या गेमसाठी ती जड पडतात. त्रिमितीत प्रत्येक गोष्टीला कॅमेरा, प्रकाश, मॉडेल आणि त्याची हालचाल असे चार जादा प्रश्न चिकटतात, आणि मग गेम राहतो बाजूला, माणूस सावल्यांच्या सेटिंगमध्ये हरवतो. मधला मार्ग म्हणून हल्ली गोडॉट सुचवला जातो. हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मॅन्झूर या अर्जेंटिनातील दोघांनी घडवलेले हे इंजिन २०१४ मध्ये मुक्तस्रोत झाले. ते इन्स्टॉल करावे लागत नाही, जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते, आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनच्या वळणाची आहे.

परवान्याचा मजकूर सुरुवातीला कोणी वाचत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले तेव्हा तो पुष्कळांनी प्रथमच वाचला असावा. विरोध झाला आणि वर्षभराने ते शुल्क रद्द झाले. पहिला गेम विकायचाच नसेल तर या अटी सहसा आड येत नाहीत. साधनच बंद पडण्याचा धोका त्याहून मोठा. ब्राउझरमध्ये गेम आणि अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार २०२० अखेर संपला आणि ब्राउझरमधले असंख्य गेम एका फटक्यात उघडेनासे झाले.

पुढे इंजिन बदलले तर चित्रे आणि आवाजाच्या फाइली जशाच्या तशा नेता येतात, गेमचे नियम मात्र पुन्हा लिहावे लागतात. स्क्रॅचमधली वरची उडी गोडॉटमध्ये नेताना तोच हिशेब वेगळ्या मापात मांडायचा असतो. तिथे वेग फेरीमागे नव्हे, सेकंदामागे मोजतात, म्हणजे कमी-जास्त वेगाच्या पडद्यांवर उडी सारखीच राहते. सेकंदाला ३० फेऱ्या धरल्या तर फेरीला १२ म्हणजे सेकंदाला ३६०, आणि फेरीमागे १ ने घटणारा वेग म्हणजे ९०० चे (३० गुणिले ३०) गुरुत्वाकर्षण. शिवाय गोडॉटच्या द्विमितीय पडद्यावर उभा अक्ष खालच्या दिशेने वाढतो, म्हणून ३६० च्या आधी उणे चिन्ह हवे. ते विसरले की पात्र उडी मारण्याऐवजी जमिनीकडे ढकलले जाते. गोडॉटने दिलेल्या तयार नमुन्यात हेच आकडे उणे ४०० आणि ९८० असे आहेत.