सामूहिक अत्याचारांतील सामान्य माणसांचा सहभाग

क्रौर्याची विशेष ओढ नसलेली माणसे कत्तली, वंशसंहार यांसारख्या कृत्यांत का सामील होतात, याचा विचार करणारा सामाजिक मानसशास्त्रातील विषय. नाझी जर्मनीतील हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस बटालियन १०१ चे उदाहरण यात बारकाईने अभ्यासले गेले आहे.

सुमारे ५०० जणांच्या या तुकडीत गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून असे बरेचसे चाळिशीकडे झुकलेले संसारी पुरुष होते. १३ जुलै १९४२ रोजी पहाटे पोलंडमधील युझेफूव्ह गावाबाहेर मेजर विल्हेल्म ट्राप याने त्यांना हुकूम सांगितला : धडधाकट ज्यू पुरुष मजुरीसाठी वेगळे काढायचे, बायका, मुले व म्हाताऱ्यांना गोळ्या घालायच्या. हे सांगताना त्याचा कंठ दाटून आला होता. ज्या वयस्कांना हे झेपणार नाही त्यांनी पुढे यावे, असेही तो म्हणाला. जेमतेम बाराएक जण पुढे आले. नेम चुकू नये म्हणून संगीन मानेवर कोठे टेकवायची, हे तुकडीच्या डॉक्टरने दाखवून दिले. संध्याकाळपर्यंत सुमारे १,५०० माणसे मारली गेली.

नकार देणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. त्यामुळे ‘हुकुमापुढे इलाज नव्हता’ ही सबब येथे टिकत नाही. या पोलिसांच्या १९६० च्या दशकातील जबान्या तपासून इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये सोबत्यांच्या दडपणावर भर दिला : बाजूला होणे म्हणजे घाणेरडे काम इतरांच्या गळ्यात टाकणे. मागे हटलेल्यांपैकी अनेकांनीही आपण ‘फार कमकुवत’ असल्याचे सांगितले, हे कृत्य वाईट आहे असे नव्हे. हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कमकुवतपणाची कबुली देणारा गोळ्या झाडणाऱ्या सोबत्यांना दोष देत नाही. अभ्यासक डॅनिएल गोल्डहागेन यांना मात्र हे मान्य नव्हते. १९९६ मध्ये त्यांनी जर्मन समाजात मुरलेला ज्यूद्वेष हेच मुख्य कारण मानले. सोबत्यांचा प्रभाव मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातील प्रयोगांतही दिसतो. त्यांत सहभागींना दुसऱ्या माणसाला वाढत्या तीव्रतेचे विजेचे झटके (प्रत्यक्षात खोटे) देण्यास सांगितले जाई. मूळच्या एका प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. पण दुसऱ्या एका प्रयोगात शेजारच्या दोन साथीदारांनी नकार देताच हा आकडा ४ वर आला.

युझेफूव्हनंतर बटालियनच्या कामाची विभागणी झाली. गोळ्या झाडणे पुष्कळदा इतर पथकांकडे गेले आणि पोलिसांकडे वेढा घालणे व गाड्या भरणे उरले. ऑगस्टमध्ये पोलंडमधील पार्चेव्हहून हजारो ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे धाडण्यात आले. युझेफूव्हच्या मानाने जबान्यांत त्याच्या आठवणी फार त्रोटक आहेत.