खानापूरचे रान आणि मोलाच्या मोजपट्ट्या

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते, तर त्याच रानात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कळसा व भंडुरा या नाल्यांतून ३.९० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेकडे वळवण्यास कर्नाटकाला मुभा दिली, तेव्हापासून या भागात जंगलाच्या मोलाची चर्चा बहुधा पाण्यावरूनच सुरू होते. पण रान मोजून त्याचे मोल ठरवण्याचा खटाटोप पाण्याच्या तंट्यापेक्षा कितीतरी जुना आहे.

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि इलाख्याचे वनखाते १८४७ साली सुरू झाले. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. हे प्रकार मालकीचे आणि मनाईचे होते. कोणते रान कशासाठी राखायचे, हा प्रश्न त्यात नव्हता. तो १८९४ च्या वनधोरणात प्रथम स्पष्टपणे आला. हवामान व भूरचना यांच्यासाठी राखायची जंगले, मौल्यवान इमारती लाकडाची जंगले, किरकोळ जंगले आणि कुरणे अशी चार भागांची विभागणी त्या धोरणाने केली. आज ज्याला पर्यावरणीय मूल्य म्हणतात ते पहिल्या वर्गात आहे, आणि लोकांची गरज शेवटच्या दोन वर्गांत, म्हणजे उरल्यासुरल्या रानात ढकललेली आहे.

या उरल्यासुरल्या रानाचे मोल काय, हे भातशेती करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसे. घाटमाथ्यावर आणि कोकणात तरव्याची, म्हणजे भाताची रोपे वाढवायची, जागा भाजण्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडत, त्या वाळवून शेण व पाल्यासह पसरत, वर मातीचा पातळ थर देत आणि पावसाआधी तो राब पेटवत. झाडाच्या फांद्या छाटणे वनखात्याच्या लेखी नुकसान होते, शेतकऱ्याच्या लेखी पुढच्या वर्षाचे भात. ठाणे-कुलाब्यातील अशाच तक्रारींमुळे १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जंगलाच्या सामाजिक मूल्यावर इलाख्यात झालेला हा पहिला मोठा वाद म्हणता येईल, जरी तेव्हा कोणी हा शब्द वापरला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्याच्या कोल्हापूर जिल्ह्यात आला. गोव्याचे सत्तरी तेव्हा पोर्तुगीजांकडेच होते. सीमाप्रश्नावर आपल्याकडे ढीगभर लिहिले गेले; सलग असलेले हे रान तीन कारभारांत वाटले गेले आणि त्याच्या व्यवस्थापनाचे आराखडे निरनिराळ्या कचेऱ्यांत बनू लागले, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले.

मोजपट्टी किती नाजूक असते हे खानापूरच्याच रानातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांनी दाखवले. तिथल्या एका वटवाघळाला १९१३ साली नाव मिळाले, तेही मुंबई इलाख्यातील निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे. कित्येक दशके ही जात जगात फक्त याच गुहांत आहे असे मानले गेले, आणि भीमगडच्या रानाचे महत्त्व पटवून देताना हाच दाखला पुढे केला जाई. सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य २०११ च्या अखेरीस जाहीर झाले. दरम्यान तेच वटवाघूळ कंबोडियातही सापडले होते, आणि नंतर मेघालयातही. दुर्मीळतेचा दाखला सैल झाला, पण रान तेच राहिले. अभयारण्याच्या सीमेत आलेल्या तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, कोंगळा या वस्त्यांचे प्रश्नही राहिले.

'उच्च संवर्धन मूल्य' ही संज्ञा बाहेरून आली. लाकूड जबाबदारीने तोडले आहे याचे प्रमाणपत्र देणाऱ्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलने १९९९ मध्ये ती वापरात आणली. तिचे सहा प्रकार ठरले: जैवविविधता, विस्तीर्ण भूप्रदेश, दुर्मीळ परिसंस्था, पाणी व माती राखण्याची सेवा, स्थानिक लोकांच्या मूलभूत गरजा आणि सांस्कृतिक स्थळे. शेवटचे दोन प्रकार लोकांना विचारल्याशिवाय ठरवता येत नाहीत, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे वेगळेपण तेवढेच आहे. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही हा गावचा नियम आणि सहावा प्रकार यांत अंतर फारसे नाही.

भारतात मात्र सरकारी मोजणी न्यायालयाच्या वाटेने आली. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जंगलाची व्याख्या शब्दकोशातील अर्थापर्यंत रुंदावली आणि २००८ मध्ये वनजमीन इतर कामासाठी घेणाऱ्याने भरायचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गमावलेल्या जंगलाची भरपाई, हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवले. दर जंगलाचा वर्ग आणि घनता पाहून लागतो. फांद्यांचे छत किती दाट हे उपग्रहाच्या चित्रावरून कळते, राबाचा ऐन कोणता आणि देवाचा कोणता हे कळत नाही. २०११ च्या गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे चौकोन पाडून प्रत्येकाला गुण दिले, अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असे सुचवले. २०१३ च्या कस्तुरीरंगन गटाने वस्ती-शेतीचा भाग वगळून नैसर्गिक भागावर भर दिला. दोन्ही अहवालांवरून खानापुरात चर्चा झाली ती गावाचे नाव यादीत आहे की नाही, एवढ्यापुरतीच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने लोकांची बाजू प्रथमच पुराव्याच्या भाषेत आणली. खानापूरच्या रानातील बहुतेक मराठी शेतकरी अनुसूचित जमातीत मोडत नसल्याने त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. त्यासाठी थेट मुंबई इलाख्याच्या काळातले कागद शोधावे लागतात. कागद नसेल तर नियमांनी दुसरी वाटही ठेवली आहे: गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, आणि जागेवर दाखवता येतील अशा खुणा, म्हणजे जुनी विहीर, स्मशानभूमी, देवस्थान.