क्राफ्ट बिअरच्या ग्लासामागची अबकारी

सांगलीत कुणी ‘आज बसायचं का?’ असं विचारलं, की कुठं आणि कशाला हे विचारावं लागत नाही. परमिट रूम, चार खुर्च्या, क्वार्टर नाहीतर स्ट्रॉंग बिअरची बाटली आणि बशीत भडंग. विश्रामबागची किंवा मिरजेची हीच पोरं पुण्यात नोकरीला लागली की वेगळ्याच टेबलावर दिसतात, क्राफ्ट म्हणजे लहान प्रमाणावर बनवलेल्या बिअरच्या. समोर लाकडी पट्टी असते, तिच्यावर शंभर-सव्वाशे मिलिलिटरचे चार-पाच ग्लास. एक फिकट, एक गढूळ पिवळा, एक तांबूस, एक कॉफीसारखा काळा. प्रत्येकाचा आधी वास घ्यायचा, मग घोटभर चव आणि मग त्यावर चर्चा. सुट्टीला गावी आल्यावर ही मंडळी परमिट रूममधल्या बिअरला नावं ठेवतात आणि जुनी मंडळी त्यांना शहाणी म्हणतात.

खरं तर दोन्ही टेबलांवरची बिअर सरकारी कागदातून आलेली आहे. लोक माल्टचं (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्टचं (आंबवणारं किण्व) कौतुक करतात आणि ते योग्यही आहे. पण बिअरच्या इतिहासात चवीचे मोठे फेरफार बहुतेक वेळा कर, बंदी नाहीतर सवलत यांनी केलेले दिसतात. महाराष्ट्रात तर जास्तच.

१५१६ मध्ये बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. त्याच हुकुमात बिअरचा कमाल भावही ठरवून दिला होता. गहू पाव भाजणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, हाही त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. जर्मन बिअरची शुद्धता म्हणून आज जे मिरवलं जातं, त्याची सुरुवात अशी धान्याच्या हिशेबात आहे.

हिंदुस्थानात बिअर आली ती गोऱ्यांसाठी. लंडनच्या बो ब्रुअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून पेल एल नावाची फिकट, कडवट बिअर पाठवायचा. भरपूर हॉप्समुळे ती लांबच्या प्रवासात टिकायची. पुढे तिचंच नाव इंडिया पेल एल झालं. आज पुण्यातल्या मेन्यूवर ‘आयपीए’ ही अक्षरं दिसतात ती हीच. नंतर एडवर्ड डायरने हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत कसौलीला ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा जनरल डायर हा याच एडवर्डचा मुलगा. दारूच्या गप्पांत ही माहिती आली की टेबलावरचा आवाज थोडा खाली येतो.

आपल्याकडे मात्र बिअरचा पत्ता नव्हता. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, तासगाव इंग्रजी अमलात गेलं, शेजारी सांगली-मिरज पटवर्धन संस्थानिकांकडे राहिलं. पिणाऱ्यांचं पेय म्हणजे शिंदी, नाहीतर मोहाची किंवा गुळाची गावठी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने यावर सरकारचा हात घट्ट झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या, सरकारच्या देखरेखीखालच्या भट्ट्यांतून काढायची, आणि ज्या झाडाची ताडी काढायची त्या झाडावर कर, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे लहान प्रमाणावर, स्थानिक मालातून, ओळखीच्या माणसाने गाळलेली ताजी दारू आपल्याकडे होती. आज ‘क्राफ्ट’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच मोडीत काढलं. त्या दारूची चव फार थोर होती असा माझा दावा नाही. पण ती सुधारायची संधी कुणालाच मिळाली नाही.

मग आली दारूबंदी. १९३९ च्या ऑगस्टमध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई शहरात ती आणून पाहिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात दारू बंद झाली. याच सुमारास, १ ऑगस्ट १९४९ रोजी, दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा तयार झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे सांगली जिल्हा आणि दारूबंदीचा कायदा जवळजवळ बरोबरीचे. दोघांचीही नावं पुढे बदलली, पण कायदा अजून रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात कागदावर आजही दारूबंदीच आहे, फक्त परवाना असेल तर सूट आहे.

परमिट रूम हे नाव त्यातूनच आलं. बंदीच्या काळात ज्याला डॉक्टरी कारणाने किंवा सवयीमुळे दारू ‘आवश्यक’ होती, त्याला परमिट मिळे आणि तो ठरलेल्या खोलीत बसून पिऊ शके. पुढे बंदी सैल झाली, देशी दारूसाठी १९७३ चे नियम आले, दुकानं उघडली. पण परमिटाचा कागद राहिला. एका दिवसाचं परमिट पाच रुपये, वर्षाचं शंभर, तहहयात हजार. सांगलीत एसटी स्टँडजवळच्या कुठल्याही बारमध्ये गिऱ्हाइकाला परमिट विचारलं गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पण धाड पडली की हाच कागद आठवतो. वयाचंही तसंच. वाइन आणि माइल्ड बिअरसाठी २१, स्ट्रॉंग बिअर आणि बाकी दारूसाठी २५. बावीस वर्षांच्या पोराच्या हातातली बाटली कायदेशीर की बेकायदा, हे लेबलावरच्या टक्क्यांवर ठरतं. ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्याच्यावर स्ट्रॉंग.

बंदीने पिणं थांबलं नाही, फक्त उसाच्या फडात गेलं. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा, नळी. हातभट्टीचा माल जितका कडक तितका चांगला, कारण लपवून न्यायचा आणि पटकन संपवायचा माल पातळ असून चालत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या बंदीत हेच झालं. बिअर मागे पडली, कडक दारू पुढे आली. आपल्याकडे बंदी सैल झाल्यावर साखर कारखान्यांची मळी आणि तिच्यापासूनची देशी दारू हाताशी होतीच. अशा पिढ्यांनी नंतर बिअर हातात घेतली, तेव्हा तिच्याकडून त्यांनी काय मागितलं असेल? किक.

म्हणून आपल्या बिअर शॉपीच्या फ्रिजमध्ये स्ट्रॉंगच्या रांगा असतात. किंमत जवळपास सारखी आणि एका बाटलीत जास्त चढते, तर माइल्ड कोण घेणार? वेटरही तोच सल्ला देतो: ‘साहेब, माइल्ड नाही, स्ट्रॉंगच आहे. चिल्ड देऊ का?’ या ‘चिल्ड’मध्ये बरंच काही दडलेलं आहे. बर्फासारख्या थंड बिअरची चव जिभेला नीट लागत नाही, वासही उठत नाही. जवाबरोबर तांदूळ, मका किंवा साखर वापरून स्वस्तात अल्कोहोल वाढवलेल्या बिअरला ते सोयीचंच असतं. आणि एप्रिलमधल्या सांगलीच्या उन्हात गिऱ्हाइकाचीही तक्रार नसते.

बिअर चाखण्याची आजची पद्धत अमेरिकेतून आली. बंदी उठल्यावर तिथे मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळलं आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी देशभरात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि घरी स्वतःपुरती बिअर बनवणं संघराज्याच्या कायद्याने मोकळं झालं. लोक घरातल्या भांड्यांत प्रयोग करू लागले, त्यातलेच काही पुढे धंद्यात उतरले. ब्रिटनमध्ये २००२ साली लहान ब्रुअरींना करात सवलत मिळाली आणि तिथेही लहान ब्रुअऱ्या भराभर वाढल्या. फिलाडेल्फियाचा बिअर वीक २००८ पासून भरू लागला, मग इतर शहरांनी तो उचलला. मैदानात मांडव घालायचा नाही, तर शहरातल्या पबांनीच त्या दिवसांत खास बिअर काढायच्या, बनवणाऱ्याला टेबलाशी आणून बसवायचं आणि लोकांनी या दारातून त्या दारात जायचं. आपल्याकडच्या गणपती बघत फिरण्यासारखंच, फक्त प्रसाद वेगळा.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, ती शहरातली पहिली मायक्रोब्रुअरी. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे पितात तिथेच बनवतात. काचेमागे स्टीलच्या टाक्या असतात. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात साधारण ६५ अंशांना तासभर ठेवतात, म्हणजे त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग ते पाणी गाळून उकळायचं, हॉप्स घालायचे, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. एल जातीचं यीस्ट साधारण २० अंशांच्या आसपास काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो. लागर या दुसऱ्या जातीच्या बिअरला जास्त थंडावा आणि जास्त वेळ लागतो. ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, गाळलेलीही नसते. त्यामुळे थंड साखळी, म्हणजे टाकीपासून ग्लासापर्यंतचा थंडावा, तुटली की चव गेली. सांगलीत बसून पुण्याची ताजी बिअर मिळत नाही याचं हे साधं कारण आहे.

पट्टीवरचा तो गढूळ पिवळा ग्लास बहुतेक वेळा जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरचा असतो. नाकाशी नेला की पिकलेल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास येतो. पहिल्यांदा घेणारा हमखास विचारतो, यात केळं घातलंय का? नाही. हे दोन्ही वास यीस्टच तयार करतं आणि कोणता वर चढेल हे आंबवण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. हा ग्लास आधी घ्यावा, आयपीए नंतर. एकदा हॉप्सचा कडवटपणा जिभेवर बसला की गव्हाच्या बिअरमध्ये काही सापडत नाही. आणि लसूण-मिरचीचं भडंग शेजारी ठेवाल तर आयपीएचा कडवटपणा आणखी चढेल. भडंगाला गव्हाचीच बिअर बरी, हे माझं प्रामाणिक मत.

बिअरला मोकळीक मिळण्याआधी वाइनला मिळाली होती. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणात सरकारने वाइनला अबकारी सवलती दिल्या आणि दोन वाइन पार्क आखले: नाशिक जिल्ह्यात विंचूर, आपल्याकडे पलूस. नाशिकने त्याचं सोनं केलं. तासगाव-पलूसची द्राक्षं मात्र खायची आणि बेदाण्याची. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या वंशातल्या या जातींना बेदाण्यात खात्रीचा पैसा होता आणि वाइनच्या वेगळ्या जाती लावायला फार बागायतदार धजावले नाहीत. वाइनच्या पाठीशी निदान ‘शेतकऱ्याचा माल’ हे वाक्य होतं. तरी जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा एवढा गदारोळ उठला, की तो अमलात आलाच नाही.

त्या विरोधाला निव्वळ सोवळेपणा म्हणणं चुकीचं ठरेल. सातारा-सांगलीच्या गावांत बायकांनी मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याची परंपरा आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. ज्या घरात देशीने पगार संपतो, त्या घरातल्या बाईला लाकडी पट्टीवरच्या पाच ग्लासांचं कौतुक सांगायला जाणाऱ्याने जरा जपूनच जावं.

राहिला प्रश्न आपल्या धान्याचा. जव इथे पिकत नाही, ज्वारी पिकते. ज्वारीची बिअर होते. आफ्रिकेत ती शतकानुशतकं होत आली आहे. अडचण अशी, की ज्वारीचा स्टार्च फुगायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते आणि त्याची साखर करणारं विकर (एन्झाइम) ज्वारीच्या माल्टमध्ये कमी असतं. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांना ज्वारी शिकावीच लागली, आणि त्या शिकल्या. महाराष्ट्रानेही २००७ मध्ये ज्वारीसाठी धोरण आणलं. पावसात काळी पडलेली खरीप ज्वारी वाया जाते, तिला गिऱ्हाईक मिळावं, म्हणून धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे अनुदान द्यायचं ठरलं. परवाने कुणाला मिळाले यावरून मोठा वाद झाला, आंदोलनं झाली. अनुदान ज्या मालासाठी होतं तो रंगहीन, वासहीन, चवहीन स्पिरिट होता; ज्वारीची बिअर त्या कागदात कुठेच नव्हती.