लिटरेट प्रोग्रामिंग आणि आज्ञावलीचे छापील रूप
आज्ञावलीचा कोड आणि त्याचे विवेचन एकाच फाइलमध्ये लिहून तिच्यातून संगणकासाठी कोड व वाचकासाठी सुबक जुळणीचा मजकूर, अशी दोन्ही रूपे काढण्याची पद्धत. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड नूथ यांनी ती रूढ केली.

उगमाच्या काळाविषयी मतभेद संभवतात. ‘द कॉम्प्युटर जर्नल’मधील नूथ यांच्या 1984 च्या लेखाने हे नाव पसरले, तथापि त्यांच्या ‘वेब’ या साधनाचे वर्णन स्टॅनफर्डच्या 1983 च्या अहवालातच आढळते. (महाजालाशी या वेबचा संबंध नाही, ते नंतरचे.) त्याही आधी, साधारणतः 1979 च्या सुमारास, ‘डॉक’ ही प्राथमिक प्रणाली होती. पिएर-आर्नूल द मार्नेफ यांच्या 1973 च्या ‘होलॉन’ प्रोग्रामिंगचे ऋण नूथ स्वतः मान्य करतात, त्यामुळे उगम तिथवर मागे नेता येईल. परंतु एका फाइलमधून कोड आणि छपाई अशी दुहेरी व्यवस्था डॉकमध्ये स्पष्ट दिसते, म्हणून 1970 च्या दशकाची अखेर धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

वेबचे दोन भाग : टँगल व वीव्ह. सोलापुरी चादरीची आलेख कागदावरची नक्षी जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) भोकांच्या कार्डांत उतरवणारी आज्ञावली लिहायची आहे, असे समजू. साध्या जकार्डवर बाण्याच्या प्रत्येक फेकीला एक कार्ड लागते आणि भोकासमोरचा ताण्याचा धागा उचलला जातो, हे लेखक आधी सांगतो. खाली ‘एक कार्ड पाडा’ या नावाचा कोडचा तुकडा येतो. काठाचे, मधल्या मोराचे तुकडे समजावण्याच्या ओघात पुढे कुठेही. टँगल ते कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला) हव्या त्या क्रमाने जोडतो. नूथ यांच्या मूळ टँगलचे फलित मुद्दाम दाटीवाटीचे असे, ते कोणी वाचू नये हाच हेतू. पुढे वेबच्याच धर्तीवरील सीवेबने कंपायलरला सापडलेल्या चुका मूळ फाइलच्या ओळींवर दाखवण्याची सोय केली. वीव्ह टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी मजकूर तयार करतो : राखीव शब्द ठळक, चलनामे तिरपी, परिच्छेदांना क्रमांक, प्रत्येक तुकडा कुठे वापरला याची नोंद, शेवटी सूची, सूचीत व्याख्येचा क्रमांक अधोरेखित.

वेब पास्कल या प्रोग्रामिंग भाषेपुरते होते. सिल्व्हिओ लेव्ही यांचे सीवेब सी भाषेसाठी. नॉर्मन रॅम्झी यांचे नोवेब कोणत्याही भाषेसाठी, पण सजावट बेताची. टीकाही झाली : 1986 मध्ये नूथ यांच्या शब्दगणनेच्या वेब आज्ञावलीचे परीक्षण करताना डग्लस मॅकिलरॉय यांनी तेच काम युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहा तयार आज्ञांत करून दाखवले. टीका मार्मिक खरी. मात्र ती विवेचनाच्या पद्धतीपेक्षा सगळे नव्याने लिहिण्यावर अधिक आहे.

देवनागरी विवेचनासाठी पूर्वी वेल्थुइस यांच्या ‘देवनाग’सारख्या साधनात रोमन टंकन करावे लागे. टेकचे नवे रूप असलेले झीटेक युनिकोड, म्हणजे थेट देवनागरीत टंकलेला मजकूर, स्वीकारते. त्यामुळे नोवेबच्या जोडीने मराठी विवेचन, आणि सोलापूरच्या पूर्व भागातील विणकरांसाठी हवे तर तेलुगूही, एकाच पानावर जुळवता येते. चलनामे सहसा रोमनच ठेवतात.