पैलवानाचं पोर पिळदारच जन्मतं का?

"बापानं तालमीत कमावलेलं अंग पोराच्या रक्तात उतरतं," असा मेसेज आपल्या कोल्हापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. एकेका घरात तीन-तीन पैलवान दिसतात, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे. पण कमावलेलं अंग असं उतरत नाही.

ते का उतरत नाही, हे गर्भातच ठरतं. गर्भ जेमतेम 3 आठवड्यांचा असताना मोजक्या पेशी बाजूला निघून त्याला जोडलेल्या पीतककोश नावाच्या पिशवीच्या भिंतीत थांबतात. बाकीच्यांतून स्नायू, हाडं, कातडी घडते. या बाजूच्या पेशी, म्हणजे बीजपेशी, सरकत सरकत 5व्या-6व्या आठवड्यात बीजग्रंथींच्या (वृषण किंवा अंडाशयाच्या) जागी पोचतात आणि त्यांच्यापासूनच पुढे शुक्राणू किंवा स्त्रीबीजं होतात. जोर-बैठकांनी दंड भरतो, तो बदल दंडातच राहतो. बीजपेशींच्या जनुकांत त्याची नोंद होत नाही.

पडताळायचंय? एखाद्या वस्तादांचे कान जवळून बघा. लढतीत मार खाऊन, रगडून गोळा झालेले. त्यांच्या तान्ह्या नातवाचे कान मात्र कोवळे, घडीदार. पिढ्यान्पिढ्या कान टोचूनही मुली बिनभोकाच्या कानांनीच जन्मतात.

उंची, हाडपेर जनुकांतून येतं, हे खरं. त्यावर घरचा खुराक आणि पहाटेची तालीम मिळते, म्हणून त्या घरात पैलवान घडतात.