डोळा कुठे ठेवायचा? नाशिकच्या निसर्गातील अनुकूलनाची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील पाऊस एकसारखा नाही. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला येवल्यापर्यंत जाता जाता तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो. या तफावतीविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु येथील वनस्पती आणि प्राणी ज्या अडचणीतून तगून राहिले, ती दोन्ही टोकांना एकच आहे. पाऊस कमी असो वा जास्त, तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. अंजनेरीच्या पठारावर, जिथे काळ्या कातळावर अनेक ठिकाणी वीतभरही माती नाही, तिथे जुलैत कोसळलेले पाणी मे महिन्यात कोणाच्याही कामी येत नाही, कारण ते केव्हाच वाहून गेलेले असते. म्हणून नाशिकच्या जीवसृष्टीतील अनुकूलन समजून घ्यायचे, तर पाऊस किती यापेक्षा पाऊस केव्हा, हा प्रश्न आधी घ्यावा लागतो.

त्याआधी शब्दाविषयी थोडेसे. शाळेत आपण अनुकूलन म्हणजे ‘परिस्थितीशी जुळवून घेणे’ असे शिकलो, आणि मराठीत जुळवून घेणे हे कोणीतरी मनापासून करण्याचे काम आहे; सासरी जुळवून घेतात, नव्या साहेबाशी जुळवून घेतात. फ्रेंच अभ्यासक लामार्क यांनी १८०९ मध्ये मांडलेली कल्पना या अर्थाच्या जवळ जाणारी होती: प्राणी आयुष्यात जो अवयव जास्त वापरतो तो वाढतो आणि ती वाढ पुढच्या पिढीला मिळते. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे लेखन एकत्र वाचले गेले आणि पुढच्या वर्षी डार्विन यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला, तेव्हा या चित्रातला प्रयत्न करणारा जीवच बाजूला झाला. एकाच जातीच्या जीवांत जन्मतः लहानसहान फरक असतात. ज्यांचे फरक त्या जागी उपयोगी पडतात त्यांची संतती अधिक उरते, बाकीच्यांची कमी होत जाते. यात जुळवून कोणीच घेत नाही. जे जुळले ते उरले, इतकेच.

नाशिकच्या संदर्भात मात्र मला डार्विन यांच्याइतकाच मोलाचा वाटतो तो डेन्मार्कचा वनस्पतिशास्त्रज्ञ राउंकियर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने जगभरच्या वनस्पतींची वर्गवारी करण्यासाठी एक साधा प्रश्न निवडला: वाईट ऋतूत झाड आपला डोळा, म्हणजे पुन्हा फुटणारा कोंब, कुठे ठेवते? उंच फांदीवर, जमिनीलगत, की जमिनीखाली? ज्या वनस्पती डोळाच ठेवत नाहीत, त्या बी टाकून एका हंगामात मरतात. राउंकियरसमोरचा वाईट ऋतू हा उत्तरेकडचा गोठवणारा हिवाळा होता. आपल्याकडे त्या जागी उन्हाळा ठेवला की त्याचा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. मुंबई इलाख्यात डॅल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये आणि थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात वनस्पतींच्या मोठ्या नोंदी केल्या, परंतु त्या मुख्यतः ओळख पटवण्यासाठी होत्या. झाड कसे दिसते ते त्यांत सापडते. ते आठ महिने काय करते, याचा विचार बराच नंतर सुरू झाला.

अंजनेरीवर याचे उत्तम उदाहरण आहे. शिवाजी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी येथील एका कंदीलपुष्पाची नवी जात म्हणून नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला डोंगराचेच नाव दिले: सेरोपेजिया अंजनेरिका. या कुळातील वनस्पतींना आपल्याकडे खरपुडी असेही म्हणतात. बहुतेक कंदीलपुष्पे वेली असतात आणि झुडपांचा आधार घेऊन वर चढतात. ही मात्र बुटकी आणि ताठ आहे. वाऱ्याने झोडपलेल्या उघड्या पठारावर, जिथे आधाराला गुडघाभर गवताखेरीज काही नसते, तिथे वेल होऊन फारसे साधणारही नव्हते. हिचा डोळा जमिनीखालच्या लहानशा कंदात असतो. पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास फुले येतात, बी धरते आणि पठार सुकू लागले की वरचा सारा भाग नाहीसा होतो. मे महिन्यात त्या जागेवर उभे राहिले, तर पायाखाली काही जिवंत आहे याची शंकाही येत नाही.

फुलाची रचना तर थांबून पाहण्यासारखी. बुडाशी फुगीर, वर अरुंद नळी आणि टोकाला एकत्र जुळलेल्या पाकळ्या, त्यांमध्ये लहान खिडक्या. आकार कंदिलासारखा म्हणून मराठी नाव. वासाने ओढली गेलेली बारीक माशी आत शिरते, गुळगुळीत कडेवरून घसरते आणि नळीत खाली वळलेल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. फुगीर भागात धडपडताना परागांची जुळी पुडकी तिच्या तोंडाला चिमट्यासारखी अडकतात. पुढे केस कोमेजतात, अनेक जातींत फूल आडवे होते किंवा खाली झुकते, माशी सुटते आणि तीच पुडकी घेऊन दुसऱ्या फुलात फसते. दक्षिण आफ्रिकेतील एका कंदीलपुष्पाचा गंध हल्ला झालेल्या मधमाशीसारखा असतो, आणि अशा मधमाशीवर ताव मारायला येणाऱ्या माश्या त्यामुळे फुलात शिरतात, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. फुलण्याचा हंगाम इतका आखूड असताना परागीभवनाची सारी भिस्त फसवणुकीवर ठेवणे हा धाडसी मार्ग वाटतो, पण मुळाशी कंद असल्यामुळे एखादे वर्ष बी न धरताही निभावते.

त्याच पठारांवर पावसाळ्यात जांभळ्या फुलांची सीतेची आसवे आणि चिकट थेंबांची दवबिंदू दिसते. पातळ, धुऊन गेलेल्या मातीत नत्र अपुरे असल्यामुळे या वनस्पती ते कीटकांकडून मिळवतात. डार्विन यांनी १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, परंतु सीतेच्या आसवांच्या कुळाबाबत त्यांचा अंदाज चुकला. या वनस्पतींना कीटक पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात, आणि भक्ष्य स्वतःच ढकलत पिशवीत शिरते असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात पिशवी आतले पाणी बाहेर टाकून ताणलेली राहते आणि स्पर्श होताच एका मिलिसेकंदाच्या आत भक्ष्याला आत ओढून घेते.

इगतपुरी-त्र्यंबकच्या उतारांवरील कारवीने वेळापत्रक आणखी लांबवले आहे. आदिवासी घरांच्या कुडाच्या भिंती जिच्या काठ्यांनी उभ्या राहतात ती ही कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच, आणि सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते. बांबूच्या अशाच वागण्याविषयी डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण येथेही दिले जाते: एकाच वेळी इतके बी पडते की खाणारे खाऊन थकतात आणि काही बी उरतेच.

प्राण्यांना डोळा जमिनीत ठेवता येत नाही. त्यांना स्वतःलाच खाली जावे लागते. मृगाच्या सरींबरोबर शिवारात दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा (हा खरे तर आठ पायांचा, कोळ्यांचा नातलग) वर्षातला बराच काळ मातीत घालवतो. चिखलात गाडून घेऊन उन्हाळा काढणारे मोठे बेडूक पहिल्याच जोरदार पावसात बाहेर येतात, नर पिवळेधमक होतात आणि डबकी आटण्याआधी पिल्ले तयार व्हावीत म्हणून अंडी घालण्याची घाई होते. येवल्याजवळील ममदापूरच्या माळावरील काळवीट जमिनीत जाऊ शकत नाही. ते सकाळ-संध्याकाळ चरते. त्याचा वेग मात्र आजच्या येवल्यातील कोणत्याही शत्रूच्या मानाने जास्तच आहे. तो चित्त्याच्या पाठलागातून घडला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्येच जाहीर झाले. म्हणजे अनुकूलन पूर्वी असलेल्या परिस्थितीशी जुळलेले असते. परिस्थिती गेली तरी ते काही काळ उरते.

द्राक्षवेलीबाबत हेच घडलेले आपण रोज पाहतो. ही मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. तिकडे तिचे डोळे थंडीत झोपतात आणि वसंतात एकदम फुटतात. निफाड-दिंडोरीत अशी झोपवणारी थंडीच नाही, त्यामुळे वेल थांबत नाही आणि डोळे आपापल्या मर्जीने पुढेमागे फुटतात. तिला थांबवण्याचे काम कात्रीला करावे लागते. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आसपास फळासाठी गोडी छाटणी होते. गोडी छाटणीनंतर मजूर एकेका काडीवरील डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते लावतात, जेणेकरून फूट एकसारखी निघावी. पाणी आणि माती खारवट झालेल्या भागांत मुळांची जबाबदारी डॉगरीज या, मूळ अमेरिकेतील टेक्साससारख्या कोरड्या मुलखातल्या खुंटावर (ज्यावर द्राक्षाचे कलम बांधतात त्या वेलीवर) टाकली आहे. वेल येथे बदललेली नाही. तिच्या भोवतीचे वर्ष बदलून दिले आहे. त्याची किंमत ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की कळते: डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो, पुढे मणी तडकतात, कारण हे वेळापत्रक आपले आहे आणि पावसाला ते बंधनकारक नाही.

मे महिन्यात अंजनेरीचा कंद कोरड्या मातीत निजलेला असतो. त्याच दिवसांत खाली दिंडोरीच्या बागेत, ठिबकच्या पाण्यावर, खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात पुढल्या हंगामाचा घड धरत असतो, आणि तो धरला की नाही, हे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय बागायतदारालाही सांगता येत नाही.